सही मॅनेजरची, बांधील कोण?

प्रश्न: मी आणि माझी आई चार वर्षं एका फ्लॅटमध्ये लीव्ह अँड लायसन्सवर राहतोय. मालक बाहेरगावी असतात, आम्ही त्यांना एकदाच भेटलोय. सगळं त्यांचे मॅनेजर बघायचे. दर अकरा महिन्यांनी नवा करार, त्यावर मालकांच्या वतीने मॅनेजरची सही. भाडं मालकांच्या खात्यात, पावती मॅनेजरच्या हातची.

गेल्या वर्षी बाथरूमची गळती इतकी वाढली की खालच्या घरात पाणी उतरायला लागलं. मॅनेजर म्हणाले, तुम्ही काम करून घ्या, खर्च भाड्यातून वळता करा. पावतीच्या मागे तसं लिहून सही दिली. पाच महिने आम्ही कापून भाडं भरलं, कोणी काही बोललं नाही. मग करार संपत आला तेव्हा त्यांनी जुन्याच भाड्यावर पुढच्या अकरा महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर करून दिला. नोंदणी पुढच्या आठवड्यात करू म्हणाले. त्याच दिवशी म्हणाले, मालक फ्लॅट विकणार आहेत, हवा असेल तर टोकन देऊन ठेवा. आम्ही दिलं, रोख.

तीन आठवड्यांनी मालकांचा फोन आला. म्हणाले, त्या सहीच्या नऊ दिवस आधीच मी मॅनेजरला काढलं होतं. भाडं वाढवायचं असं मी त्याला बजावलं होतं. दुरुस्तीचे कापलेले पैसे परत करा. टोकनचं मला माहीत नाही. त्याने सही केली, त्याला विचारा. परवा त्यांचे मेहुणे येऊन महिनाअखेर घर खाली करा, असं सांगून गेले. आईने भांडी खोक्यात भरायला घेतली आहेत. मॅनेजरने केलेले करार मालकावर बंधनकारक असतात की नाही?

उत्तर: आधी आईंना सांगा, भांडी परत फळीवर लावा. मेहुण्यांच्या तोंडी निरोपाने घर जात नाही. का, ते पुढे येईलच.

'त्याने सही केली, त्याला विचारा.' हे वाक्य ऐकून किती भाडेकरू गप्प बसतात, हे मी वकिलीत रोज बघते. त्यांना वाटतं, खरंच की, कागदावर मालकांची सही कुठे आहे? मला याची चीड येते. चार वर्षं ज्याने दुसऱ्याच्या हातून घर चालवलं आणि भाडं मात्र स्वतःच्या खात्यात घेतलं, त्याला अडचणीच्या दिवशी तो हात झटकून टाकता येत नाही. हे नुसतं माझं मत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये कलम १८२ ते २३८ एवढा मोठा भाग मालक आणि त्याच्या वतीने काम करणारा माणूस यांच्याबद्दलच आहे. कायद्याच्या पुस्तकात त्या माणसाला अभिकर्ता म्हणतात, आपण साधं मुखत्यार म्हणू. कलम २२६ सांगतं की मुखत्याराने केलेला करार मालकाने स्वतः केल्यासारखाच लागू होतो. मग बघायचं उरतं ते एवढंच: त्या कामाचा अधिकार त्याला होता का, आणि नसलाच, तर तो आहे असं तुम्हाला कोणी वाटू दिलं?

तुम्ही पाठवलेले तिन्ही कागदांचे फोटो मी मोठे करून पाहिले. तुमच्या एका प्रश्नाची तीन उत्तरं आहेत, आणि तिसरं तुम्हाला आवडणार नाही.

पावतीच्या मागचा मजकूर तीन ओळींचा आहे. खाली मॅनेजरची सही आणि सहीच्या वर मालकांचं नाव लिहून पुढे 'करिता' असा शब्द. हा शब्द लहान दिसतो, पण तो असल्यामुळे ही सही मॅनेजरची खासगी राहत नाही. मालक म्हणतील, दुरुस्ती करून घ्यायला मी सांगितलंच नव्हतं. सांगायला हवंच होतं असं नाही. अधिकार शब्दांनी दिलेला असतो, तसाच तो रोजच्या वागण्यातूनही निघतो. हे कलम १८७. त्याखाली कायदा करणाऱ्यांनी एक उदाहरण दिलंय. मालक राहतो कलकत्त्याला, त्याचं दुकान सेरामपूरला, तो तिथे अधूनमधून फिरकतो. दुकान पाहणारा माणूस मालकाच्या नावाने एका व्यापाऱ्याकडून माल मागवत असतो, पैसे मालकाच्या रकमेतून देत असतो, आणि मालकाला हे ठाऊक असतं. कायदा म्हणतो, माल मागवण्याचा अधिकार त्याला मिळालेलाच आहे, कागद असो वा नसो. दुकानाच्या जागी फ्लॅट ठेवा, तुमची गोष्ट तीच आहे.

शिवाय पाणी खालच्या घरात उतरत होतं. मालकाचं नुकसान टाळण्यासाठी आणीबाणीच्या वेळी शहाण्या माणसाने स्वतःच्या बाबतीत जे केलं असतं ते करायची मुभा मुखत्याराला कलम १८९ देतं. खालच्या घराचं छत गळत असताना बाहेरगावच्या मालकाच्या होकाराची वाट बघत बसणारा मॅनेजर काय कामाचा? आणि पाच महिने कमी भरलेलं भाडं त्यांच्याच खात्यात जमा झालं. कलम १९७ म्हणतं की परवानगीशिवाय केलेल्या कामाला नंतरची मान्यता वागण्यातूनही मिळते. तिथलं उदाहरण असं की एकाने दुसऱ्याचे पैसे न विचारता कर्जाऊ दिले आणि त्या दुसऱ्याने पुढे व्याज घेतलं, म्हणजे कर्ज मान्य केलं. इथे मात्र एक गोष्ट तपासा. अशी मान्यता टिकायला मालकाला मुख्य गोष्टी माहीत असाव्या लागतात, कलम १९८. पैसे भरताना 'दुरुस्तीची वजावट' असा शेरा तुम्ही टाकला होता का? मालकांना कधी मेसेज केला होता का? असेल तर या कागदाची मला काळजी नाही. नसला तरी सेरामपूरचं दुकान आणि गळणारं बाथरूम तुमच्या बाजूने आहेतच.

आता अकरा महिन्यांचा करार. तुमचं घर या कागदावर टिकून आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

मालकांचे आक्षेप दोन. एक, भाडं वाढव असं मी त्याला बजावलं होतं. दोन, सही झाली तेव्हा तो माझा माणूसच नव्हता. पहिल्याचं उत्तर कलम २३७ मध्ये आहे. मुखत्याराने अधिकाराबाहेर जाऊन काही केलं, पण ते अधिकारातलंच आहे असा समज मालकाने आपल्या शब्दांनी किंवा वागण्याने समोरच्याचा करून दिला असेल, तर मालक बांधील राहतो. दोघांमध्ये बंद दाराआड काय ठरलं, हे तुम्हाला कळायचा मार्ग नव्हता. तुम्हाला दिसलं ते इतकंच की प्रत्येक करारावर याच माणसाने मालकांसाठी सही केली आणि प्रत्येक वेळी मालकांनी तो करार पाळला. १९६४ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. एका मोठ्या मालमत्तेच्या व्यवहारासाठी काढलेल्या कंपनीत एक संचालक व्यवस्थापकीय संचालकासारखा वागत होता, त्या पदावर त्याची नेमणूक कधी झालीच नव्हती. इतर संचालकांना ते माहीत होतं, त्यांनी चालू दिलं. त्याने नेमलेल्या वास्तुविशारदांचे पैसे द्यायची वेळ आली तेव्हा कंपनी म्हणाली, याला अधिकारच नव्हता. न्यायालयाने पैसे द्यायला लावले. चालू दिलं त्याची जबाबदारी चालू देणाऱ्यावर येते.

एक सावधगिरी मात्र सांगते. पहिल्या कराराला मॅनेजरच्या मुखत्यारपत्राची प्रत जोडली होती असं तुमच्या पत्राच्या इथे न छापलेल्या भागात ओझरतं आलंय. ती शोधा. 'भाड्याची रक्कम मालकाच्या लेखी संमतीनेच ठरेल' असं काही तिच्यात असेल, तर ती मर्यादा तुम्हाला माहीत होती असं मालकांचे वकील म्हणतील, आणि त्यांच्या म्हणण्यात जोर असेल. लपवलेली अट तुमच्यावर लादता येत नाही, पण हातात दिलेल्या कागदातली अट लपलेली नसते.

दुसरा आक्षेप, नऊ दिवसांचा. इथे कायदा तुमच्या बाजूने अगदी नेमका आहे. मुखत्याराला काढल्याचा परिणाम बाहेरच्या माणसावर होतो तो त्याला ते कळल्यापासून, आधी नाही, कलम २०८. त्याखालचं उदाहरण वाचताना मला नेहमी वाटतं की ते कुणा भाडेकरूसाठीच लिहिलंय. मद्रासचा मालक मुंबईच्या गोदामातला आपला कापूस विकायला एकाला पत्राने सांगतो. नंतर दुसरं पत्र पाठवून अधिकार काढून घेतो. ते दुसरं पत्र मिळाल्यावरही हा इसम कापूस विकतो. घेणाऱ्याला पहिलं पत्र माहीत आहे, दुसरं नाही. तो पैसे देतो आणि विकणारा ते घेऊन पळून जातो. नुकसान कुणाचं? मालकाचं. घेणाऱ्याने दिलेले पैसे मालकाला पोचले असंच कायदा धरतो. तुमच्या बाबतीत काढल्याची बातमी तीन आठवड्यांनी आली, सही त्याच्या आधीची. मालकांना एक फोन करून, एक मेसेज टाकून तुम्हाला कळवता आलं असतं. ते त्यांनी केलं नाही, आणि त्याची किंमत तुम्ही मोजायची नाही. फक्त स्वतःशी खरं बोला: सहीच्या आधी वॉचमनकडून, शेजाऱ्यांकडून, कुठल्या ग्रुपवर तुम्हाला कुणकुण लागली होती का? लागली असेल तर मला आणि तुमच्या वकिलांना ते आत्ताच सांगा. उलटतपासणीत बाहेर येण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

नोंदणी झाली नाही, याने घाबरू नका, पण हलक्यातही घेऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे 'नोंदणी नाही, म्हणून करार नाही' असं मालकांना सहज म्हणता येणार नाही. उलट बाजूही सांगायला हवी. मुदत संपली आणि नवा करार झालाच नाही असं ठरलं, तर कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करू शकतात आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. म्हणून स्टॅम्प पेपरवरचा हा करार तुम्ही जिवापाड जपायचा.

मेहुण्यांकडे येते. त्यांना मालकांनी अधिकार दिल्याचा एकही कागद तुम्हाला दाखवलेला नाही. परक्या माणसाने दिलेली नोटीस मालक मागाहून 'माझीच होती' म्हणून चालवू शकत नाहीत, कारण नंतरच्या मान्यतेने दुसऱ्याचा हक्क मारता येत नाही, करार कायद्याचं कलम २००. त्याचं उदाहरण तर थेट घराचं आहे: तीन महिन्यांच्या नोटिशीने संपणारा भाडेपट्टा, अधिकार नसलेला माणूस नोटीस देतो, घरमालकाला ती मान्य करून भाडेकरूवर लादता येत नाही. मेहुणे पुन्हा आले तर पाणी विचारा आणि म्हणा, जे काही आहे ते मालकांकडून लेखी येऊ द्या.

राहिली टोकनची पावती. फोटो पाहून माझ्या काळजात धस्स झालं. तीवर 'करिता' नाही, 'वतीने' नाही, मालकांचं नावच नाही. मॅनेजरची सही आणि रक्कम, बस. घर भाड्याने देणं आणि पाहणं यासाठी ठेवलेल्या माणसाला ते घर विकायचा अधिकार आपोआप मिळत नाही. तो आहे असं मालकांनी तुम्हाला कधी भासवलं नाही. सांगितलं ते मॅनेजरने, आणि मुखत्याराच्या स्वतःच्याच शब्दावरून त्याचा अधिकार वाढत नाही. पैसे रोख दिले, मालकांच्या खात्यात गेल्याची खूण नाही. या एका कागदापुरतं मालक म्हणतात ते बहुधा बरोबर आहे: त्यालाच विचारा. आणि जरूर विचारा. मॅनेजरने मालकांच्या नावाने हे बोलून पैसे घेतल्याचं तुम्ही दाखवू शकलात, तर कलम २३५ प्रमाणे नसलेला अधिकार असल्याचं भासवणारा माणूस स्वतः भरपाई द्यायला बांधील आहे. आणि नुसत्या पावतीवरूनही घेतलेली रक्कम परत मागता येते. फसवणुकीची पोलीस तक्रारही करता येईल. ताई, तुम्हाला बोल लावत नाही. चार वर्षं ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच्यावर पाचव्या वर्षी संशय घ्यायला कुणाचं मन धजत नाही. पण पैसे जायचे तेव्हा मालकांना एक फोन करायला हवा होता.

आता हातातली कामं. आजच तिन्ही कागदांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा; पावतीच्या मागची शाई फिकट होत चाललीय, मला ती दुसऱ्यांदा मोठी करून वाचावी लागली. मॅनेजरशी झालेले मेसेज पुसू नका, मोबाइल बदलणार असाल तर थांबा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे असे मेसेज पुरावा म्हणून द्यायचे तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं. बँकेतून चार वर्षांचा खातेउतारा घ्या. दर महिन्याचं भाडं कुणाच्या खात्यात गेलं, हे त्यात दिसेल.

मग मालकांना पत्र. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, आणि तोच मजकूर मोबाइलवर. सौम्य भाषेत, भांडण न काढता. काहीसं असं: 'आपल्या वतीने आपले मॅनेजर चार वर्षं करार करत आले व आपण ते पाळलेत. अमुक तारखेचा करार आम्ही त्याच विश्वासाने केला. त्यांना काढल्याचं आम्हाला अमुक तारखेच्या आपल्या फोनवरूनच समजलं. बाथरूमची दुरुस्ती त्यांच्या लेखी संमतीने झाली, बिलं सोबत जोडली आहेत. करार नोंदवायला आम्ही तयार आहोत, दिवस कळवावा. यापुढे आपल्या वतीने कोण बोलणार ते लेखी कळवावं, तोवर आम्ही फक्त आपल्याशीच व्यवहार करू.' तारखा बिनचूक घाला. टोकनचा विषय या पत्रात आणू नका. तो वेगळा आहे, आणि त्याची भेसळ झाली की उरलेल्या दोन भक्कम कागदांवरही शंकेची सावली पडते.

या महिन्याचं भाडं नेहमीच्या तारखेला, मालकांच्याच खात्यात, नव्या करारातल्या दराने भरा आणि 'अमुक तारखेच्या कराराप्रमाणे' असा शेरा टाका. सगळं माहीत असताना त्यांनी ते ठेवून घेतलं, तर व्याज घेणाऱ्या त्या सावकारासारखीच त्यांचीही गोष्ट होते. 'हरकत राखून घेतो' असं ते लिहून कळवतील, तर तेही जपून ठेवा. भाडं थकवू मात्र नका, रागाने तर मुळीच नाही. आज तुमची बाजू स्वच्छ आहे ती त्यामुळेच.

मॅनेजरना टोकनबद्दल वेगळी नोटीस वकिलामार्फत जाऊ द्या. भरपाईच्या अशा दाव्यांना साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण माणूस पत्ता बदलायच्या आत नोटीस गेलेली बरी.

मुखत्यारपत्राची प्रत सापडली की लगेच कळवा. भाड्याबद्दल त्यात काय लिहिलंय ती ओळ मला स्वतः वाचायची आहे.